खंडेनवमीला पुजलेली घंटा

महिपत सकपाळबरोबर बाजारात जाणं ही शिक्षा होती. नारळ घ्यायचा तर तो दुकानातले वीस नारळ टिचक्या मारून ऐकणार. माठ घ्यायचा तर कुंभाराची अख्खी उतरंड वाजवून बघणार. दुकानदार शिव्यांवर यायच्या बेतात आला की मग एक नारळ उचलून माझ्या हातात देणार आणि म्हणणार, "हा घ्या साहेब. पाणी पण हाय नि खोबरं पण." तो नारळ कधी नासका निघाला नाही, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं.

हा कान त्याला लष्कराने दिला होता. खेडकडच्या एका वाडीतला हा माणूस चाळीस साली सॅपर्सच्या पलटणीत भरती झाला. ही पलटण खरं तर रस्ते आणि पूल बांधणारी, पण इटलीत यांच्या वाट्याला जमिनीतले सुरुंग काढायचं काम आलं. पोटावर पडायचं, संगिनीच्या टोकाने माती टोचत वीत वीत पुढे सरकायचं. टोक कशावर आपटलं की श्वास रोखून ऐकायचं. दगड की लोखंड? लोखंड असेल तर पोकळ की भरलेलं? दोन वर्षं महिपत असा रांगला आणि हवालदार होऊन सगळ्या बोटांसकट घरी आला. त्याच्या शेजारी त्याच्याच गावचा भिवा रांगत असे. एका मळ्यात महिपतने एक पत्र्याचा डबा वाजवून पाहिला आणि "खाली", म्हणजे रिकामा, म्हणून सांगितलं. भिवाने तो पायाने बाजूला सारला. भिवा परत आला नाही.

हे महिपतने मला कधी सांगितलं नाही. त्याची बायको हौसाबाई हिने सांगितलं. घरी आल्यावर तिने त्याच्याकडून कुलस्वामिनीची शपथ घेतली होती, की दारूगोळ्याच्या वस्तूला पुन्हा बोट लावायचं नाही. त्यानेही ती आनंदाने घेतली. मग त्याला रेल्वेत चावीवाल्याची नोकरी लागली. रोज ठाण्याच्या खाडीपुलापासून कळव्यावरून पारसिकच्या बोगद्यापर्यंत रुळाच्या कडेने चालायचं आणि सैल झालेल्या चाव्या हातोडीने ठोकून घट्ट करायच्या. बिऱ्हाड कळव्यालाच होतं, मिठागराच्या बाजूला.

आता माझ्याबद्दल. मी मधु टिपणीस, राहणार ठाणे. मीही लष्करात होतो, पण पुण्याला, पगार खात्यात. पाच वर्षांत मी एकही गोळी झाडली नाही. बंदुका मी यादीत पाहिल्या. तरीही माजी सैनिक म्हणून माझी छाती कोणापेक्षा कमी फुगत नसे, आणि लिहिता-वाचता येणारा म्हणून शेहेचाळीस साली आमच्या सेवा संघाचा चिटणीस मीच झालो. अध्यक्ष होते सुभेदार हरिहर दळवी. मिशा त्यांच्या, सह्या माझ्या, असा कारभार होता.

संघाचं ऑफिस म्हणजे खोपटला पत्र्याची एक खोली. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतचे साठ-सत्तर लढवय्ये दर रविवारी तिथे जमत; महिपतही त्यातलाच. काम मात्र खरंच करत, हे सांगितलं पाहिजे. विधवांचे पेन्शनचे अर्ज लिहायचे, विहिरींत औषध टाकायचं, टिटवाळ्याच्या जत्रेत रांगा लावायच्या, डोंबिवलीला पटकीची साथ आली तेव्हा घरोघर जाऊन लोकांना टोचणीसाठी बाहेर काढायचं. सगळं कवायतीच्या शिस्तीत. विहिरीत औषध टाकायलासुद्धा सहा जण लेफ्ट-राइट करत जात. बायका हसायच्या, आणि विहिरी साफ व्हायच्या.

एकोणपन्नास साली कळव्याच्या मिठागरवाल्यांच्या वस्तीसाठी चार खोल्यांची शाळा निघाली. हेडमास्तर होते गुरुदत्त मास्तर. पंचविशीचा, पोटतिडकीने शिकवणारा माणूस. शाळेला घंटा नव्हती. शिपाई धाकू तोंडाजवळ हात धरून हाळी द्यायचा. मास्तरांनी संघाकडे घंटा मागितली.

सुभेदार म्हणाले, "सैनिकांनी द्यायची घंटा ती सैनिकीच असली पाहिजे!"

आमच्या सगळ्यांच्या अंगात एकदम वीरश्री संचारली. कल्याणच्या लष्करी छावणीचं भंगार तेव्हा लिलावात निघत होतं. त्यातल्या एका व्यापाऱ्याने संघाला तोफेचा एक गोळा भेट म्हणून पाठवला, सोबत लिलावातली टाइप केलेली यादी: गोळे, खाली, नग सहा. मी यादी वाचली. 'खाली' हा शब्द वाचला. त्याखाली लिहिलं, 'तपासले, खाली आहे', आणि सही ठोकली. गोळा कोपऱ्यात गोणपाटावर पडला होता. मी त्याला हातसुद्धा लावला नाही. पगार खात्याची सवय, दुसरं काय. कागदावर आहे ते आहे.

महिपत तेव्हा आईच्या वर्षश्राद्धाला गावी गेला होता.

खंडेनवमीला सैनिकाने शस्त्रं पुजायची असतात. आमच्याकडे शस्त्रं कुठली? ती सरकारने परत घेतलेली. म्हणून आम्ही दरवर्षी पाटावर पाण्याच्या बाटल्या, जेवणाचे डबे आणि पदकं मांडायचो आणि एकमेकांकडे न बघता पूजा उरकायचो. त्या वर्षी प्रथमच खरी वस्तू आली होती. गोळ्याला आम्ही हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, आणि सुभेदारांनी नारळ फोडला. दगडावर नाही. गोळ्याच्याच अंगावर! पहिल्या फटक्याला नारळ फुटला नाही. दुसऱ्याला फुटला. आम्ही जयजयकार केला आणि खोबरं वाटून खाल्लं. मी दोन तुकडे खाल्ले.

दसऱ्याला मुलं पाटीपूजनाला शाळेत जमली होती. वस्तीतले आईबापही आले होते. व्हरांड्याच्या वाशाला साखळीने गोळा टांगला, पितळी टोक खाली. सुभेदारांनी भाषण केलं, की काल जे युद्धाचं साधन होतं ते आज विद्येचं साधन झालं. वाक्य माझं होतं. मला ते फार आवडलं होतं.

पंधरा दिवसांनी गुरुदत्त मास्तरांचं पत्र आलं. घंटेबद्दल आभारी आहोत, परंतु तिचा नाद होत नाही. थड् असा दबका आवाज येतो. चौथीच्या वर्गापर्यंतसुद्धा नीट जात नाही. काही उपाय सुचवावा.

मला राग आला. भेट दिलेल्या घंटेला नावं ठेवतात म्हणजे काय? मी उत्तर पाठवलं. ते पत्र मला आजही तोंडपाठ आहे. 'घंटेत काहीही दोष नाही. शिपाई अंगचोरपणा करीत असावा. घंटा जोराने वाजवावी. सोबत लोहाराकडून घडवून घेतलेला घण पाठवीत आहे.'

घण चांगला दोन शेरांचा होता. धाकूने तो आज्ञाधारकपणे वापरला. सकाळी अकराला, मधल्या सुट्टीला, सुट्टी संपताना आणि संध्याकाळी पाचला. दिवाळी गेली, संक्रांत गेली, सव्वीस जानेवारीला प्रजासत्ताक झालं तेव्हा आनंदाच्या भरात एकवीस टोले दिले. मग मे महिन्याची सुट्टी आली.

पन्नासच्या जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी मी मुलांना पाट्या वाटायला कळव्याला गेलो होतो. संघाची देणगी होती. मुलं अंगणात उभी होती, काहींच्या आया कुडाजवळ थांबल्या होत्या. त्यात तुळसा होती. मिठागरात टोपल्या वाहणारी, उंच, खड्या आवाजाची आगरी बाई. तिची तीन मुलं त्या शाळेत होती. तेवढ्यात फाटकातून महिपत आला. रजा टाकून, धुतलेला सदरा घालून, सहा वर्षांच्या सगुणाला बोटाला धरून. त्याची एकुलती एक मुलगी. तिचं नाव घालायला आणलं होतं.

"या हवालदार," मी म्हणालो. "पाटी घे गं सगुणा."

महिपतचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तो व्हरांड्याकडे बघत होता. धाकूने घण उचलला आणि पहिला टोला दिला.

थड्.

माणसाचा चेहरा पांढरा पडतो म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं. महिपतने मुलीचा हात सोडला आणि तो चालत गेला. पळाला नाही. धाकूचा हात दुसऱ्या टोल्यासाठी वर गेला होता. महिपतने तो मनगटाशी धरला आणि तसाच वरच्या वर धरून ठेवला.

"घण खाली ठेव," तो म्हणाला. "टाकू नकोस. ठेव."

मग तो गुडघ्यांवर बसला आणि खालून त्या पितळी टोकाकडे बघू लागला. टोक लखलखत होतं. धाकू ते दर शनिवारी चिंच लावून घासायचा, त्याचा त्याला अभिमान होता. महिपतने हात लावला नाही. कान मात्र जवळ नेला, जसा आजाऱ्याच्या छातीशी नेतात.

उठून तो माझ्याजवळ आला. "साहेब, शाळा खाली करा. आत्ताच्या आत्ता. बोंब न मारता. गोळा भरलेला हाय, नि उडवणारं टोपण पण हाय त्याच्यावर."

"अरे, पण यादीत खाली लिहिलंय," मी म्हणालो.

हो, मी असं म्हणालो. दीडशे मुलं पन्नास पावलांवर उभी होती आणि मी यादीचं सांगत होतो.

महिपत वळला. तो मुलांपुढे गेला आणि लष्करी आवाजात ओरडला, "कवायत! दोन दोनची रांग! जो बोलंल तो बाद!" मुलांना वाटलं, नव्या वर्षाचा खेळ. गुरुदत्त मास्तर काहीतरी विचारणार होते, पण महिपतच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी तोंड मिटलं आणि स्वतःच रांगेच्या पुढे उभे राहिले. तुळसाने कुडाजवळच्या बायकांना हाकललं. रांग लेफ्ट-राइट करत मिठागराच्या बांधावर निघाली. सगुणा शेवटी होती, कोरी पाटी छातीशी धरून.

मीही निघालो होतो. खोटं कशाला बोलू, मी तर रांगेच्याही पुढे होतो.

"साहेब, तुम्ही थांबा," महिपत मागून म्हणाला. "मला एक माणूस लागंल. साखळी सोडवताना वजन कोणीतरी धरायला पायजे."

"धाकूला घे."

"धाकू थरथरतोय."

थरथरत मीही होतो, पण ते माझ्या धोतराच्या निऱ्यांपलीकडे दिसत नसावं. मी परत व्हरांड्यात आलो. त्याने मला गोळ्याखाली दोन्ही हात धरायला लावले. लोखंड गार होतं. "लेकरू उचलतो तसा धरा," तो म्हणाला. "बाकी काय करू नका. मी बोलतोय तिकडं ध्यान ठेवा." आणि साखळीचा गंजलेला आकडा सैल करता करता तो सबंध वेळ बोलत राहिला. गावच्या फणसाबद्दल. कुठला बरका, कुठला कापा, कुठला कोणी लावला. एक अक्षर माझ्या डोक्यात शिरलं नाही, पण आवाज चालू होता म्हणून मी उभा राहू शकलो. आकडा निघाला आणि सगळं वजन माझ्या हातांवर आलं. त्या क्षणी माझ्या मनात ना देव आला, ना बायको. माझ्या मनात माझं ते पत्र आलं. शिपाई अंगचोरपणा करीत असावा.

महिपतने गोळा माझ्या हातांतून अलगद काढून घेतला आणि तो एकटा निघाला. बांधावरच्या मुलांकडे नाही, उलट्या बाजूला, पडीक मिठागराकडे. गुडघाभर चिखलातून एक एक पाय उपसत. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसून होतो. जुन्या मिठागरातल्या एका खड्ड्यात त्याने तो ठेवला, भोवती चिखलाची पोती रचली, आणि परत येऊन विहिरीवर कोपरापर्यंत हात धुतले. पुन्हा धुतले. मग कुडाशी बसून ओकला.

तिसऱ्या दिवशी लष्कराची माणसं आली. त्यांनी खड्डा बघितला, महिपतने रचलेली पोती बघितली आणि सगळ्यांना चारशे पावलं मागे हटवलं. सुभेदार म्हणत होते, की एवढासा गोळा, कशाला इतकं अवडंबर. मग त्यांनी तो उडवला.

मी लष्करात पाच वर्षं काढली होती आणि स्फोट प्रथमच ऐकत होतो. आवाज आधी पायांतून आला. चिखल माडाएवढा वर गेला आणि कितीतरी वेळ खाली पडत राहिला. चारशे पावलांवरच्या शाळेची कौलं खळाखळा निसटली. व्हरांड्यात साखळी नुसतीच लोंबत होती, ती हलली. धाकू खाली बसला आणि पाना पिळल्यासारखा उजवा हात फिरवत म्हणाला, "मी त्यो टोपन एकदा पान्यान पिलून बगितलेला. घरा दिव्याला घेतलेला असता. निंगाला नाय म्हनून सोरला."

मी हिशेब करायचा नाही असं ठरवलं होतं, तरी डोकं करतच राहिलं. दिवसाला चार वेळा, एकेका वेळी पाच-सहा टोले. दोन शेरी घण. व्हरांड्याला लागून पहिलीचा वर्ग. मी घरी येऊन दोन दिवस जेवलो नाही. सुभेदारांनी त्या नारळाचा विषय पुन्हा कधी काढला नाही.

महिपतने शपथ मोडली म्हणून हौसाबाईने त्याच्याशी आठवडाभर अबोला धरला. मला मात्र वाटत होतं की हा माणूस देव आहे. मी ते चारचौघांत बोलूनही दाखवत होतो. मला कोणीतरी देव हवाच होता. देव सापडला की चूक कोणाची हे विचारायचं राहून जातं.

संघाने महिपतचा सत्कार ठरवला. त्याच शाळेत, त्याच अंगणात, जूनच्या शेवटच्या रविवारी. सुभेदारांचं भाषण मीच लिहिलं. त्यात लिहिलं, की व्यापाऱ्याच्या लबाडीमुळे शाळेच्या आवारात एक जिवंत गोळा आढळून आला. आढळून आला! जणू तो आपल्या पायांनी चालत आला होता. माझ्या सहीचं नाव नाही, पत्राचं नाव नाही, घणाचं नाव नाही. गुरुदत्त मास्तरांकडे ते पत्र होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. भला माणूस.

सगळी वस्ती आली होती. शाल होती, श्रीफळ होतं, झेंडूचा हार होता. सुभेदार भाषण संपवून हार घेऊन पुढे झाले तर महिपतने दोन्ही हातांनी तो अडवला.

"हार नको. मला बोलायचं हाय."

लोकांना वाटलं, विनय. कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

"मी रोज या कुडामागच्या लायनीवर असतो," महिपत म्हणाला. आवाज कवायतीचा नव्हता, घोगरा होता. "गावाहून आलो त्या दिवसापासनं ही घंटा मी ऐकतोय. ती भरलेली हाय, हे मला पहिल्याच दिवशी कळलं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"मी सुभेदारसाहेबांना इचारलं, गोळा बघितला कोणी? ते म्हणाले, टिपणीससाहेबांची सही हाय. मी म्हटलं, सही हाय तर झालं. माझे कान काय, ते एकदा चुकलेत. माझा माणूस गेला त्याच्यात. पण मनात म्हाईत होतं. म्हणून मी चालच उलटी केली. पहिला बोगदा गाठायचो. अकराच्या टोल्याला मी बोगद्याच्या तोंडाशी असायचो. तिथं घंटा ऐकू येत नाय."

या माणसाला मी देव्हाऱ्यात बसवलं होतं. आणि हा रोज, शाळा भरायची ते सगळे दिवस, हातोडी खांद्यावर टाकून त्या आवाजापासून पळत होता. माझ्या सहीच्या भरवशावर! राग यायचा तर कोणाचा येणार? तो माझी सही पांघरून झोपला होता आणि मी व्यापाऱ्याची यादी.

सुभेदार पुटपुटले, "बस खाली, सकपाळ. हे काय आता."

पण तुळसा उठली होती. तिची तीन मुलं तिच्या पायांशी बसली होती. ती ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"का नाय आलास रं?" तिने विचारलं.

"भ्यालो," महिपत म्हणाला. "आलो असतो तर हात लावायला लागला असता. भ्यालो."

तुळसाने मान डोलावली. जणू एवढं तिला समजत होतं.

"तुजी पोर कवा घातलीस शालेन?"

"शाळा उघडली त्या दिवशी."

"आन घंटा कवा कारलीस?"

हौसाबाई मागच्या रांगेत पदर तोंडात कोंबून बसली होती. सगुणा तिच्या मांडीवर होती.

"त्याच दिवशी," तो म्हणाला.

कोणीतरी हुंदका दिला. एका म्हाताऱ्याने उठून आपल्या नातवाला उचललं आणि तो फाटकाबाहेर चालू लागला. सुभेदार हार हातात घेऊन उभेच होते. तो ठेवायचा कुठे, हे त्यांना कळत नव्हतं. महिपत मान खाली घालून उभा होता, आणि मला वाटलं, आता संपलं. मी मनातल्या मनात सुटकेचा श्वाससुद्धा टाकला असेन. माझं नाव आलं होतं, पण घाईत आलं होतं. कदाचित ते लोकांच्या लक्षात राहिलं नसेल.

"सही केली त्यो सायेब कंचा?" तुळसाने विचारलं.

महिपतने बोट दाखवलं नाही. सुभेदारांनीही नाही. गुरुदत्त मास्तर जमिनीकडे बघत होते. तिघेही मला सांभाळून घेत होते, आणि त्याच वेळी मला कळलं की आता बसून राहिलो तर जन्मभर बसूनच राहीन. मी उठलो.

"मी," मी म्हणालो. "सही माझी. मी गोळा न बघताच सही केली. मास्तरांनी लिहिलं होतं की आवाज दबका येतो. जोराने वाजवा म्हणून पत्र मी पाठवलं. घणही मीच पाठवला."

धाकूने झटकन मान वर केली. तुळसा माझ्याकडे बघत राहिली. माझी टोपी, माझा कोट, माझ्या खिशातलं पेन, सगळं तिने सावकाश बघून घेतलं. मला वाटलं, आता ही शिवी देईल. मी शिवीसाठी तयार होतो.

"तुमची पोरां कंच्या शालेन जातान, सायेब?" तिने विचारलं.

"ठाण्याला," मी म्हणालो.